एकशे ऐंशीवा दिवस

मार्चच्या पाच तारखेला, बुधवारी, सकाळची पाळी सुटताना आम्हा एकेचाळीस जणांना कॅन्टीनमध्ये थांबायला सांगितलं, तेव्हा मला वाटलं कुणीतरी गेलं असणार. आमच्या गालिच्यांच्या गिरणीत तशीच पद्धत होती. कुणी यंत्रात सापडलं, कुणाचं हृदय थांबलं, की सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा करायचे, पाद्री दोन शब्द बोलायचा आणि आम्ही घरी जायचो. कोण दिसत नाहीये ते मी बघायला लागले. दिसत नव्हती ती सगळी तरणी माणसं होती. जमलेल्यांत पन्नाशीच्या आतलं एकही तोंड नव्हतं. 

नवा मॅनेजर शार्लटहून आला होता, पस्तिशीचा असेल. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं की नऊ मे हा आमचा शेवटचा दिवस. गिरणीला आता नवा दम हवाय, म्हणाला. प्रत्येकाच्या हातात एक पाकीट दिलं. मी तेहतीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी उभी होते. गालिच्यावरून नुसता तळहात फिरवून कुठे टाका सुटलाय ते सांगायचे. एकोणसाठाव्या वर्षी मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि त्या पोराला "थँक यू" म्हणाले. का म्हणाले, ते आजही कळत नाही. सवयीने असेल.

पुढच्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले. हॉइट ब्रॅमलेटने बोलावलं होतं. हॉइट सहासष्ट वर्षांचा, रंगखात्याचा जुना फोरमन. आवाज असा की यंत्र चालू असतानाही ऐकू यायचा. त्याने अटलांटाची एक वकीलबाई शोधली होती, मिस स्ट्रॉन नावाची. तिने त्याला सांगितलं होतं ते त्याने आम्हाला समजावलं. चाळिशी उलटलेल्याला वयामुळे काढलं असेल तर थेट कोर्टात जाता येत नाही. आधी सरकारी कार्यालयात तक्रार नोंदवावी लागते, आणि आमच्या जॉर्जिया राज्यात त्याला एकशे ऐंशी दिवसांची मुदत. सगळ्यांच्या वतीने एकाने जरी वेळेत नोंदवली, तरी बाकीचे पुढे त्याच दाव्यात सामील होऊ शकतात. पण त्या एकाचं नाव वर लागतं, आणि ते गिरणीला कळतं.

आमच्या गावात दर घरातलं एक तरी माणूस त्या गिरणीत आहे.

"वर माझं नाव घालतो," हॉइट म्हणाला. "तुम्ही निवांत घरी जा."

मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी केंड्रा गिरणीच्याच माल पाठवायच्या ऑफिसात होती. तिची जोसी नऊ वर्षांची, तिला मधुमेह, आणि इन्सुलिनपासून डॉक्टरपर्यंत सगळं केंड्राच्या नोकरीच्या विम्यावर. माझं नाव कुठेच लागणार नव्हतं. मी सगळ्यांची नावं, वयं आणि खाती वहीत उतरवून घेतली, वहीची एक प्रत वकीलबाईंना पाठवली आणि आपला वाटा झाला असं समजले.

उन्हाळा तसाच गेला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तात्पुरतं काम धरलं. रविवारी चर्चमध्ये हॉइट दिसायचा. कुणी विचारलं की मान हलवून "झालं की" म्हणायचा.

ऑगस्टच्या अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी दुपारी, मी भेंडी चिरत होते तेव्हा फोन वाजला.

"मिसेस लेडबेटर? मी डेलिया स्ट्रॉन. मिस्टर ब्रॅमलेट दोन आठवडे माझा फोन उचलत नाहीयेत. शिक्का मारलेली तक्रारीची प्रत मला अजून मिळालेली नाही. तुमच्याकडे आहे का?"

"माझ्याकडे कशी असेल? हॉइटने ती केव्हाच दिलीय."

"मी आज कार्यालयात चौकशी केली. त्यांच्याकडे काहीही आलेलं नाही."

मी सुरी खाली ठेवली. म्हणाले, असेल कुठेतरी अडकली, आणि घाई तरी काय, आमचा शेवटचा दिवस नऊ मे, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. हॉइटनेच तसं सांगितलं होतं.

वकीलबाई हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "दिवस नोकरी संपल्यापासून मोजत नाहीत. तुम्हाला सांगितलं त्या दिवसापासून मोजतात. पाच मार्चपासून. एकशे ऐंशीवा दिवस येत्या सोमवारी आहे, आणि सोमवारी लेबर डेची सुट्टी."

"मग?"

"कायदा म्हणतो, शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो. पण गिरणीचे वकील त्यावर भांडतील, आणि एकेचाळीस जणांचं भवितव्य त्या एका दिवसावर टांगायची माझी इच्छा नाही. उद्या शुक्रवार. साडेचारला कार्यालय बंद होतं. कुणीतरी स्वतः नेऊन द्या आणि समोर शिक्का मारून घ्या. टपालाला आता वेळ नाही, आणि फॅक्सचं मी सांगू शकत नाही, मागे एका माणसाचं सहीचं पानच पोचलं नव्हतं. मी सव्हानाला कोर्टात अडकलेय, नाहीतर मीच गेले असते."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. हॉइटचा फोन नुसता वाजत राहिला.

शुक्रवारी शाळेतली माझी पाळी साडेअकराला संपली. तशीच एप्रन न काढता त्याच्या घरी गेले. तो मागच्या ओट्यावर बसून वाटाणे सोलत होता. मला बघून उठला नाही, पाटीही बाजूला केली नाही.

"हॉइट, कागद दिलास का?"

"बस, नदीन."

"दिलास का?"

तो आत गेला आणि बियाण्यांच्या पुड्या ठेवतात त्या खणातून एक लिफाफा घेऊन आला. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. आत अर्ज भरलेला, खाली सही. तारीख होती सोळा एप्रिल.

"टपालपेटीपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "आदल्या दिवशी तो मॅनेजर मला खताच्या दुकानात भेटला. अगदी गोड बोलला. म्हणाला, तुमच्या मुलाचं, वेडचं काम आम्हाला फार आवडतं, त्याला लाइनचा सुपरवायझर करायचं मनात आहे. तुमचं घराणं कधी कटकटीत पडलेलं नाही, हे बरं आहे. बस, एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला."

वेड त्याचा मुलगा. एकेचाळीस वर्षांचा, घरावर कर्ज.

"आणि तू आम्हाला साडेचार महिने सांगत राहिलास, झालं म्हणून."

"मी स्वतःलाही सांगत होतो. नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे, वेड एकदा सुपरवायझर झाला की टाकीन. खरं सांगतो, देवाशपथ, टाकणार होतो."

मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी मला तो इतका समजत होता की माझीच लाज वाटली. मार्चमध्ये त्या हॉलमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते काय होतं? हेच होतं. फक्त माझी भीती त्याने उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली होती आणि ती त्याला झेपली नव्हती.

"वेळ सोमवारपर्यंतच आहे," मी म्हणाले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"मग आत्ता चल, दे हा," मी म्हणाले.

त्याने लिफाफा दोन्ही हातांनी धरला आणि खाली बघत राहिला. "वेडचं बढतीचं पत्र पुढच्या महिन्यात यायचंय," एवढंच म्हणाला.

मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि वकीलबाईंना फोन लावला. कोर्टाची जेवणाची सुट्टी होती म्हणून त्या भेटल्या. त्या सांगत गेल्या आणि मी हॉइटच्या बायकोच्या पत्रांच्या कागदावर, कोपऱ्यात फुलं छापलेल्या, लिहीत गेले. माझं नाव, पत्ता, गिरणीचं नाव, किती माणसं, काय झालं, केव्हा झालं.

"आता हे वाक्य जसंच्या तसं लिहा," त्या म्हणाल्या. "ही तक्रार मी माझ्यासाठी आणि माझ्यासारख्याच काढून टाकलेल्या, चाळिशी उलटलेल्या सर्व कामगारांसाठी करते आहे. लिहिलंत? हे गाळू नका. हे असेल तर बाकीचे तुमच्या मागून येऊ शकतील. नसेल तर तुम्ही एकट्याच."

लिहिलं. सहीपाशी येऊन पेन थांबलं. केंड्रा सकाळी गिरणीच्या फाटकातून आत जाते, कार्ड दाखवते, ते मला दिसत होतं. एखाद्या दिवशी कार्ड चालणार नाही आणि रखवालदार म्हणेल, बाई, जरा बाजूला व्हा. जोसीच्या इन्सुलिनच्या कुप्या माझ्या फ्रिजच्या दारातही असतात, लोण्याच्या शेजारी. महिन्याअखेरीला किती उरतात ते मला पाठ होतं.

मी सही केली. अक्षर माझं वाटत नव्हतं.

"मी नेतो तुला," हॉइट म्हणाला. "तुझी गाडी हायवेवर टिकायची नाही. एवढं तरी करू दे."

एक वाजून दहा मिनिटांनी त्याच्या पिकअपमधून अटलांटाला निघालो. एरवी दीड तासाचा रस्ता. पण लेबर डेच्या आधीचा शुक्रवार. अर्ध्या राज्याला तळ्यावर नाहीतर समुद्रावर जायचं होतं. कार्टर्सव्हिलपर्यंत बरे गेलो आणि मग जे थांबलो ते थांबलोच. पुढे कुठेतरी एक बोट गाडीवरून घसरून आडवी झाली होती. आजूबाजूच्या गाड्यांतून गाणी वाजत होती, मुलं खिडकीतून पाय बाहेर काढून बसली होती. मी मांडीवर कागद धरून डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे बघत होते. तीन. साडेतीन. माझ्या तळहाताचा घाम कागदाला लागायला लागला, म्हणून कागद त्याच्या टोपीत ठेवला.

"काहीतरी बोल," मी म्हणाले.

"काय बोलू? तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, वेळ बरा जाईल."

"नंतर देईन. आत्ता अंगात दम नाही."

चार वाजता गाड्या हलल्या. हॉइटने कडेच्या पट्टीवरून नेली, लोकांनी हॉर्न वाजवले, एकाने हातवारे केले. मी इमारतीसमोर उडी टाकली तेव्हा चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. काचेचं दार बंद होतं. आतला रखवालदार खुर्च्या सरळ करत होता. मी काच वाजवली. कागद काचेला लावून धरला.

तो दाराशी आला. वयाने माझ्याएवढाच असेल. "मॅडम, वर सगळे गेले. मंगळवारी आठ वाजता या."

"मंगळवारी फार उशीर होईल."

"वर कुणी नाहीच हो. मी घेऊन काय करू? माझ्याकडे शिक्का नाही."

परतताना मॅरिएटाजवळ त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि गवतात ओकला.

शनिवारी केंड्रा जोसीला घेऊन आली. पोर टीव्हीसमोर बसल्यावर मी केंड्राला ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिचे ओठ तिच्या बापासारखे पातळ होतात, तसे झाले.

"सही करण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही?"

"वेळ नव्हता."

"फोन करायला एक मिनिट लागतं, आई. तू विचारलं नाहीस, कारण मी नको म्हणेन हे तुला माहीत होतं."

ते खरं होतं.

"दोन बायकांना गेल्या वर्षी शिफ्ट बदलून बदलून घालवलं," ती म्हणाली. "काढलं नाही, नुसतं जगणं नकोसं केलं. माझ्या बाबतीत झालं तर जोसीचं काय करायचं, ते सांग. नुसतं सांग मला."

ती जेवायला थांबली नाही.

रविवारी चर्चमध्ये मी वही पुढ्यात असल्यासारखी सगळी तोंडं मोजली. ती माणसं मला हसून हात करत होती. हॉइट आला नव्हता. दारात कुणीतरी विचारलं, "आपलं ते काम मार्गी लागलंय ना?" आणि मी म्हणाले, "लागतंय." खोटं बोलणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं. सोमवारी, एकशे ऐंशीव्या दिवशी, शेजारच्यांनी अंगणात मांस भाजायला घेतलं होतं. मी दोनदा कागद चुलीत घालायचा विचार केला. उशीर झाला, असं सगळ्यांना सांगता आलं असतं. कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नसतं. दाखवलं असतं ते हॉइटकडे. तोच विचार मला सगळ्यात भयंकर वाटला, कारण तो फार सोयीचा होता.

संध्याकाळी केंड्राचा फोन आला.

"आई, मी तुला जा म्हणणार नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटते आणि ती जाणार नाही. पण मी नको म्हणाले म्हणून तू थांबलीस, हेही मला नकोय. ते मला जन्मभर पुरेल."

"मग मी काय करू?"

"ते तुझं तू बघ. हळू चालव, एवढंच."

मंगळवारी पहाटे पाचला दार उघडलं तर रस्त्यावर हॉइटचा पिकअप उभा होता, दिवे घालवून. मी जवळ गेले. शेजारच्या सीटवर तोच लिफाफा होता, तिकिटासकट.

"वेडला काल सांगितलं," तो म्हणाला. "सगळंच सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाहीये. पण कागद देऊ नका, असंही म्हणाला नाही." मग म्हणाला, "तुझ्या कागदाबरोबर माझाही देऊ का? तुझी हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत? बस नीट, मी चालवते. तुझ्या हाताला कंप आहे."

आठ वाजता दार उघडलं तेव्हा आम्ही पहिले होतो. खिडकीतल्या बाईने दोन्ही कागद उलटसुलट केले आणि शिक्का उचलला.

"उशीर तर नाही ना झाला?" मी विचारलं.

"ते मी ठरवत नाही, मॅडम. मी फक्त तारीख मारते."

शिक्का आपटल्याच्या आवाजाने मी दचकले. दोन सप्टेंबर, आठ वाजून सहा मिनिटं.

भीती तिथे संपली असं वाटत असेल तर तसं नाही. ती तिथून पुढे सुरू झाली. गिरणीला दहा दिवसांत नोटीस गेली. ऑक्टोबरात केंड्राला ऑफिसातून काढून माल चढवायच्या धक्क्यावर रात्रपाळीला टाकलं. तिने सात आठवडे काढले. मग पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या गिरणीत तिला काम मिळालं, कमी पगाराचं, पण विमा असलेलं. मधले एकतीस दिवस विमा नव्हता. ते एकतीस दिवस कसे काढले, ते मी कुणाला सांगत नाही. वेड सुपरवायझर झाला नाही. अजूनही तो लाइनवरच आहे.

पुढच्या वसंतात गिरणीच्या वकिलांनी नेमका तोच मुद्दा काढला. एक दिवस उशीर झाला, दावा फेकून द्या. मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते, आणि हॉइटने माझा हात धरला होता तो इतका गार होता की धीर कुणी कुणाला द्यायचा ते कळेना. न्यायाधीश चष्मा लावून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, सोमवारी सरकारी सुट्टी होती, दार बंद होतं, बंद दारातून कुणी कागद देऊ शकत नाही. तक्रार मुदतीत आहे. चार वाक्यं. मी बाहेर येऊन पायरीवरच बसले.

मग दाव्यात सामील होण्यासाठी बाकीच्यांना पत्रं गेली. वयाच्या दाव्यात आपोआप कुणी धरलं जात नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतः सही करून साठ दिवसांत कागद कोर्टात पोचवायचा. मी दारोदार गेले. काही जणांनी दार उघडलंच नाही. काही जणांनी सही केली आणि पेन परत देताना म्हणाले, नदीन, आमचं काही वाईट झालं तर ते तुझ्यावर. एकोणतीस कागद वेळेत पोचले. तक्रार दिल्यापासून तेराव्या महिन्यात गिरणीने तडजोड केली. माझ्या वाट्याला आलं त्यात घराचं छप्पर झालं आणि जोसीच्या नावावर थोडं ठेवता आलं. हॉइटलाही त्याचा वाटा मिळाला. त्याने तो वेडच्या घराच्या कर्जात भरला, आणि वेड त्याच्याशी पुन्हा बोलायला लागला, पहिल्यासारखा नाही, पण बोलतो.

ओपल स्वॅफर्डचं मात्र माझ्या मनातून जात नाही. ती माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं होती. तिने सही केली होती. पण नवऱ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत कागद गाडीतच राहिला आणि मुदतीनंतर चार दिवसांनी कोर्टात पोचला. वकीलबाईंनी अर्ज केला, विनवलं, कारण दिलं. या वेळी कुठली सुट्टी नव्हती. तिचं नाव वगळलं.

पैसे आल्यावर मी माझ्या वाट्यातला काही भाग पाकिटात घालून तिच्याकडे गेले. तिने दारातच पाकीट बघितलं आणि ओळखलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली. "माझं असतं तर माझ्या नावावर आलं असतं."

"ओपल, घे गं."

"नको. तू दोनदा आठवण केली होतीस मला. मीच विसरले." तिचा आवाज चढला नव्हता. "आत ये, बर्फाचा थंड चहा करून ठेवलाय. पण ते पर्समध्ये घाल आधी."

मी पाकीट पर्समध्ये घातलं आणि आत गेले. आम्ही तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल बोललो, तिच्या टोमॅटोंवर पडलेल्या किडीबद्दल बोललो. निघताना तिने मला पिशवीभर टोमॅटो दिले आणि मी ते घेतले.